झिऑन घ्यावा की आय-फाइव्ह? दुकान, ऑफिस आणि क्लासेससाठी प्रोसेसर कसा निवडायचा



लहान व्यवसायासाठी कॉम्प्युटर सेटअपची मालिका सुरू केल्यापासून एक प्रश्न थांबायलाच तयार नाही. "दादा, ऑफिसचं टॅली लई स्लो चालायलंय, सर्व्हर प्रोसेसर टाकावा का?" किंवा, "ऑनलाइन १४ कोअरचा झिऑन आय-फाइव्हपेक्षा स्वस्त दिसायलाय, घेऊन टाकू का?" नांदेडहून विचारतात, लातूरहून विचारतात, उदगीर-देगलूरहूनही विचारतात. व्हिडिओत सगळं बसलं नाही, म्हणून इथे निवांत लिहितोय. चहा घेऊन बसा, कारण हा निर्णय एकदा चुकला की तीन-चार वर्षं त्याचं बिल भरावं लागतं.

आधी थोडक्यात उत्तर. दहा माणसांच्या आतल्या बहुतेक दुकानांना आणि ऑफिसांना डेस्कटॉप प्रोसेसर पुरतो. नुसता पुरत नाही, तर रोजच्या कामात जास्त वेगाने चालतो. सर्व्हर प्रोसेसरची गरज तीन ठिकाणी लागते: मशीन रात्रंदिवस चालू ठेवायचं असेल, खूप जणांचं काम एकाच मशीनवर चालणार असेल, किंवा डेटात एक आकडासुद्धा चुकून चालणार नसेल. आता "का" ते बघू. "का" कळलं की कोणी काहीही विकायला आला तरी तुम्ही फसणार नाही.

हमालाचं उदाहरण

मार्केट यार्डात सोयाबीनचा ट्रक रिकामा करायचाय. एक धिप्पाड हमाल आहे, पोतं उचलतो आणि पळत जातो. दुसरीकडे चौदा हमालांची टोळी आहे, प्रत्येकजण जरा संथ चालतो. तीनशे पोती उतरवायची असतील तर टोळी जिंकणार. पण एकच पोतं माडीवर न्यायचं असेल तर? चौदा जण एका पोत्याला हात लावू शकत नाहीत. तेरा जण बिडी ओढत बसणार आणि एकटा संथ हमाल पोतं नेणार. तिथे धिप्पाड गडी केव्हाच पुढे गेलेला असतो.

हमाल म्हणजे कोअर आणि चालण्याचा वेग म्हणजे गिगाहर्ट्झ. डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये कमी पण वेगवान कोअर असतात. सर्व्हर प्रोसेसरमध्ये भरपूर कोअर असतात, पण त्यातला एकेकटा कोअर बहुतेक वेळा संथ असतो.

याचं आपल्या महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण म्हणजे 'प्रत्यूष'. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, २०१८ च्या जानेवारीत हा सुपरकॉम्प्युटर सुरू झाला. हवामान आणि मान्सूनच्या अंदाजाची गणितं करायला. त्यात १८ कोअरचे झिऑन प्रोसेसर बसवले होते आणि एकूण कोअर होते १ लाख १९ हजारांहून जास्त. पण एका कोअरचा मूळ वेग होता २.१ गिगाहर्ट्झ. तुमच्या दुकानातला आय-थ्री १२१०० जोर लावला की ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. म्हणजे एक कोअर विरुद्ध एक कोअर अशी कुस्ती लावली तर काउंटरवरचा आय-थ्री सुपरकॉम्प्युटरच्या कोअरला चीत करतो!

मग प्रत्यूष कमी पडतो का? अजिबात नाही. हवामानाचं गणित तुकड्यांत वाटता येतं. सगळ्या नकाशाचे बारीक चौकोन पाडायचे आणि एकेक चौकोन एकेका कोअरला द्यायचा. तुमच्या कामाचे असे तुकडे पडतात का, हा खरा प्रश्न आहे.

तर पहिला धडा: प्रोसेसर किती मोठा ते नंतर बघा. काम एका पोत्याचं आहे की तीनशे पोत्यांचं, ते आधी बघा.

बाजारातली ठरलेली कुस्ती

आता आपल्याकडे सगळ्यात जास्त विचारली जाणारी जोडी समोरासमोर ठेवू.

झिऑन ई५-२६८० व्ही४: २०१६ चा प्रोसेसर. १४ कोअर, २८ थ्रेड. मूळ वेग २.४, जास्तीत जास्त ३.३ गिगाहर्ट्झ. वीज १२० वॅट. मेमरीचे चार चॅनल. आत ग्राफिक्स नाही, म्हणजे डिस्प्लेसाठी वेगळं कार्ड लावावं लागणार.

आय-फाइव्ह १२४००: २०२२ चा प्रोसेसर. ६ कोअर, १२ थ्रेड. मूळ वेग २.५, जास्तीत जास्त ४.४ गिगाहर्ट्झ. वीज ६५ वॅट, जोरात असताना ११७ वॅटपर्यंत. मेमरीचे दोन चॅनल. ग्राफिक्स आतच.

कागदावर १४ विरुद्ध ६ बघून माणूस भुलतो. पण सहा वर्षांत एकेका कोअरची ताकदही खूप वाढली. चालण्याचा वेग सोडा, नवा कोअर एका पावलात जास्त अंतर कापतो. त्यामुळे सगळे कोअर एकदम कामाला लावणाऱ्या चाचण्यांत हे दोघं जवळपास एकाच पंगतीत बसतात. आणि एका कोअरच्या कामात आय-फाइव्ह पावणेदोन-दोन पट पुढे असतो.

म्हणून "झिऑन म्हणजे भारी" हा समज आधी डोक्यातून काढा. इंटेलने हे नाव १९९८ मध्ये 'पेंटियम टू झिऑन'पासून सुरू केलं. तेव्हापासून शेकडो झिऑन आले. झिऑन हे आडनाव आहे. आडनाव सांगून माणूस कसा आहे ते कळत नाही, तसंच इथेही. कुठल्या साली आला, कोअर किती, वेग किती, हे विचारा. एएमडीमध्येही तसंच: डेस्कटॉपला रायझन, सर्व्हरला २०१७ पासून एपिक.

मग सर्व्हर प्रोसेसरमध्ये जास्तीचं मिळतं काय?

तीन गोष्टी. तिन्ही खऱ्या आहेत, पण तिन्ही प्रत्येकाच्या कामाच्या नाहीत.

पहिली: रस्ते. लातूरची गंजगोलाई तुम्ही बघितली असेल. गोल बाजारपेठ आणि तिला चारी बाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. एक रस्ता तुंबला तरी माल दुसरीकडून येतो. सर्व्हर प्रोसेसर तसा असतो. मेमरीकडे जाणारे रस्ते डेस्कटॉपमध्ये दोन असतात. एपिक ९००४ मालिकेत ते बारा आहेत. डिस्क, नेटवर्क कार्ड, ग्राफिक्स कार्ड यांच्यासाठीच्या लेन आय-फाइव्ह १२४०० मध्ये प्रोसेसरकडून २० मिळतात, त्या एपिकमध्ये १२८. पण विचार करा, तुमच्याकडे एक एसएसडी आणि एक नेटवर्क केबल असेल, तर बाकीच्या रस्त्यांवरून काय नेणार?

दुसरी: मेमरी किती बसते. सर्व्हर प्रोसेसर रजिस्टर्ड रॅम घेतात, त्यामुळे शेकडो जीबी आणि पुढे टीबीपर्यंत जाता येतं. एक लक्षात ठेवा, सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम साध्या डेस्कटॉप बोर्डावर चालत नाही. स्वस्त मिळाली म्हणून ती आणून ठेवलेले बरेच जण मला माहीत आहेत.

तिसरी आणि व्यवसायासाठी सगळ्यात महत्त्वाची: ईसीसी मेमरी. ही जरा नीट समजून घेऊ.

ईसीसी: चुकलेला आकडा पकडणारा मुनीम

रॅममध्ये सगळं शून्य आणि एकमध्ये लिहिलेलं असतं. कधीकधी बाहेरच्या किरणांमुळे किंवा चिपच्या दोषामुळे एखाद्या शून्याचा एक होतो. साध्या रॅमला याचा पत्ताही लागत नाही. आकडा चुकतो आणि तसाच पुढे जातो.

असं खरंच घडतं का? १८ मे २००३ ला बेल्जियममध्ये निवडणूक झाली. ब्रुसेल्सजवळच्या स्कारबेक भागात एका उमेदवाराला कॉम्प्युटरने शक्य होती त्यापेक्षाही जास्त मतं दाखवली. पुन्हा मोजल्यावर बरोबर ४०९६ मतं जास्तीची निघाली. ४०९६ हा आकडा साधा नाही, दोनचा बारावा घात आहे. म्हणजे मेमरीतला एकच बिट उलटला असावा, असा निष्कर्ष निघाला. आकडा अशक्य होता म्हणून चूक सापडली. तो शक्य असता तर कोणाच्या लक्षात आलं असतं?

आता हेच तुमच्या खतावणीत विचार करा. एखाद्या शेतकऱ्याच्या पट्टीत ४०९६ रुपये इकडचे तिकडे. यंत्र खोटं बोललं असं कोणी म्हणणार नाही, "आडत्याने मारले" असंच म्हणतील.

गूगल आणि टोरोंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये गूगलच्या सर्व्हरमधल्या मेमरीचा मोठा अभ्यास मांडला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त रॅम स्टिक्समध्ये निदान एकदा तरी अशी चूक दिसली. बऱ्याचदा एकदा चुकलेली स्टिक पुन्हा पुन्हा चुकते, असंही दिसलं.

ईसीसी रॅम काय करते? प्रत्येक ६४ बिटांमागे ८ बिट तपासणीचे ठेवते. एक बिट उलटला तर स्वतः दुरुस्त करते, दोन उलटले तर निदान बोंब ठोकते. हिशेब लिहिणाऱ्याच्या शेजारी बेरीज तपासणारा मुनीम बसवावा तसं. जुन्या स्टिकवर ओळखायची सोपी खूण: एका बाजूला ८ ऐवजी ९ चिप दिसतात. आणि डीडीआर५ मध्ये "आतच ईसीसी आहे" असं कोणी सांगितलं तर भुलू नका. ती चिपच्या आतल्या आत केलेली दुरुस्ती असते, चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर तिचं लक्ष नसतं.

पण ईसीसीसाठी मोठा झिऑन लागतोच असं नाही. इंटेलचा लहान झिऑन ई, एएमडीचा २०२४ मध्ये आलेला एपिक ४००४, हे डेस्कटॉपच्याच घराण्यातले प्रोसेसर आहेत, ईसीसी घेऊन येणारे. कोअर वेगवान, वीज कमी आणि वर मुनीमही. लहान ऑफिससाठी हा मधला रस्ता कोणी सांगतच नाही. पण लक्षात ठेवा: प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम, तिघांचाही ईसीसीला पाठिंबा पाहिजे. एकाने माघार घेतली तर उपयोग शून्य.

सर्व्हर प्रोसेसर लावला म्हणजे सर्व्हर झाला का?

नाही. आणि इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

लोक सर्व्हर ज्यासाठी घेतात त्या गोष्टी बघा: दोन पॉवर सप्लाय, मशीन चालू असताना बदलता येणाऱ्या डिस्क, रेड कंट्रोलर, घरबसल्या बंद-चालू करायची सोय, कंपनीचा माणूस येऊन दुरुस्ती करणार याची लेखी हमी. यातलं एकही प्रोसेसरच्या आत नसतं. हे सगळं मशीनमध्ये असतं. साध्या कॅबिनेटमध्ये, साध्या पॉवर सप्लायवर झिऑन बसवला तर त्याला सर्व्हर म्हणणं म्हणजे गाडीला लाल दिवा लावून कलेक्टर झाल्यासारखं आहे.

उलटंही खरं आहे. डेलचा पॉवरएज टी१४० हा कंपनीचा अधिकृत सर्व्हर होता आणि तो झिऑनसोबतच आय-थ्री आणि पेंटियममध्येही मिळायचा. म्हणजे बनवणाऱ्या कंपनीलाही माहीत होतं की लहान ऑफिसला प्रोसेसर छोटा चालतो, भरवसा मोठा लागतो.

टॅलीवाल्यांनो, हा भाग दोनदा वाचा

लातूरच्या एका आडत दुकानाचं उदाहरण घ्या. पाच कॉम्प्युटर, टॅलीप्राइम गोल्ड, सीझनमध्ये पट्टी काढायला रांग. रिपोर्ट उघडायला मिनिट-मिनिट लागायचं. एका विक्रेत्याने दोन झिऑनवाल्या सर्व्हरचं कोटेशन दिलं होतं. मालकांचा मुलगा ते घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, पप्पा म्हणालेत एवढा खर्च एकदाच करू, पण खात्री द्या."

खात्री द्यायच्या आधी टॅली कुठे चालतं ते बघावं लागतं. गोल्डमध्ये सगळे जण एकाच डेटावर काम करतात. डेटा एका कॉम्प्युटरच्या शेअर फोल्डरमध्ये असतो. बाकीचे कॉम्प्युटर तो लॅनवरून ओढतात आणि हिशेब आपापल्या प्रोसेसरवर करतात. म्हणजे डेटावाल्या मशीनमध्ये २८ कोअर टाकले तरी काउंटरवरच्या जुन्या कॉम्प्युटरला त्यातला एकही कोअर मिळत नाही. डेटावाल्या मशीनचं काम गोडाऊनच्या दरवाजाचं आहे. दरवाजा रुंद पाहिजे, म्हणजे डिस्क आणि नेटवर्क जलद पाहिजे.

आम्ही तपासलं तर डेटा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर होता आणि मधला स्विच १०० एमबीपीएसचा. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा एमबी. गिगाबिट असेल तर तेच सव्वाशे एमबी. शिवाय एका केबलची एक जोडी तुटलेली होती. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. त्यामुळे अशी केबल चालू दिसते, पण चालते संथ. एसएसडी टाकली, गिगाबिट स्विच लावला, केबल बदलली. काउंटरच्या दोन कॉम्प्युटरमध्ये रॅम वाढवली. सर्व्हरचं कोटेशन फायलीतच राहिलं. वाचलेल्या पैशातून थोडे काढून बॅकअपसाठी दोन डिस्क आणि चांगला यूपीएस घ्यायला लावला.

पण एक अपवाद आहे. सगळे जण रिमोट डेस्कटॉपने एकाच मशीनमध्ये घुसून टॅली चालवत असतील, तर हिशेब उलटा होतो. तेव्हा सगळ्यांचं काम त्या एका मशीनच्या प्रोसेसरवर आणि रॅमवर पडतं. तिथे कोअर लागतात, रॅम लागते, ईसीसी घेतलेली बरी. दहा जणांसाठी प्रत्येकी २ ते ३ जीबी धरून वर विंडोजची वेगळी, असा ढोबळ हिशेब करा.

आणि त्यात लायसन्सचा खड्डा आहे. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचं लायसन्स कोअरवर मोजतात, एका सर्व्हरला कमीत कमी १६ कोअरचं घ्यावंच लागतं. १४-१४ कोअरचे दोन जुने झिऑन स्वस्तात बसवले तर २८ कोअरचं लायसन्स भरा. वर रिमोट डेस्कटॉपचं प्रत्येक युजरमागे वेगळं. म्हणजे ८ वेगवान कोअरचा नवा प्रोसेसर जास्त किमतीचा असूनही एकूण खर्चात स्वस्त पडू शकतो. "पॅच मारून देतो" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. व्यवसायाच्या हिशेबाचं मशीन बेकायदा सॉफ्टवेअरवर चालवणं म्हणजे तिजोरीला सुतळी बांधणं.

टास्क मॅनेजरची चाचणी

कोणालाही फोन करायच्या आधी हे करा. जे काम संथ चालतंय ते सुरू करा आणि कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरचं परफॉर्मन्स पान उघडा. काउंटरच्या मशीनवरही बघा आणि डेटावाल्या मशीनवरही.

- डिस्क १०० टक्क्यांवर अडकली असेल तर एसएसडी घ्या. प्रोसेसरला हात लावू नका.
- मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम वाढवा.
- इथरनेटची रेषा वरच्या टोकाला सपाट झाली असेल तर स्विच, केबल तपासा.
- प्रोसेसरचे सगळे कोअर भरलेले दिसत असतील तर जास्त कोअर कामाला येतील.
- प्रोसेसर कमी दिसतोय, बाकी सगळं शांत आहे, तरी काम अडकलंय? मग एकच कोअर भरलाय. १२ थ्रेडच्या मशीनवर एक थ्रेड पूर्ण भरला तर एकूण आकडा फक्त ८ टक्क्यांच्या आसपास दिसतो. २८ थ्रेडच्या झिऑनवर तर साडेतीन टक्के. लोक म्हणतात, "प्रोसेसर तर रिकामाच आहे की!" रिकामे बाकीचे हमाल आहेत, पोतं एकाच्याच डोक्यावर आहे. इथे जास्त कोअरचा नाही, जास्त वेगाच्या कोअरचा प्रोसेसर लागतो.

स्वस्त झिऑनचा सापळा, आणि त्याचा चांगला उपयोग

हे जुने झिऑन एवढे स्वस्त का? मोठमोठी डेटा सेंटर काही वर्षांनी सर्व्हर बदलतात. काढलेले प्रोसेसर भंगाराच्या बाजारातून आपल्यापर्यंत येतात. प्रोसेसर सहसा खराब होत नाही, त्यामुळे तो ठीक असतो. खरी अडचण बोर्डाची. एक्स७९, एक्स९९ नावाने येणाऱ्या चायना बोर्डांवर बऱ्याचदा जुन्या बोर्डांवरून काढलेला चिपसेट असतो. बायोसचं अपडेट मिळत नाही आणि वॉरंटी म्हणजे विकणाऱ्याचा मोबाईल नंबर. तो उचलला तर वॉरंटी, नाही तर नाही.

विंडोजचंही बघा. विंडोज १० ची मोफत साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत ई५ व्ही४ झिऑन नाहीत. जुगाड करून चालतं, पण व्यवसायाच्या मशीनवर जुगाड किती दिवस? शिवाय दोन प्रोसेसरच्या मशीनवर विंडोज होम टाकलं तर ते एकच प्रोसेसर वापरतं. दुसरा नुसता शोभेला.

बिलाचाही विचार करा. बिलाशिवाय घेतलं तर १८ टक्के जीएसटीचं इनपुट क्रेडिट नाही, आणि कॉम्प्युटरवर आयकरात मिळणारा ४० टक्के घसारा दाखवायला कागद नाही. "स्वस्त" म्हणताना हे दोन आकडे धरलेत का?

पण जुना झिऑन टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. नांदेडमध्ये बीसीए करणारा, नेटवर्किंग किंवा लिनक्स शिकणारा विद्यार्थी असेल, एकाच मशीनवर आठ-दहा व्हर्च्युअल मशीन उभी करून सराव करायचा असेल, तर त्याच्यासाठी हे सोनं आहे. ब्लेंडरमध्ये थ्रीडी रेंडरिंग करणाऱ्यालाही चालतं. फक्त जमलं तर चायना बोर्डाऐवजी कंपनीचं जुनं वर्कस्टेशन बघा: एचपी झेड४४०, डेल प्रिसिजन टी५८१० असलं. बोर्ड कंपनीचा असतो, ईसीसी रॅम असते. पॉवर सप्लाय मात्र बहुतेक कंपनीच्या खास मापाचा असतो, बाजारातला साधा बसत नाही. तो गेला तर कुठून मिळेल ते आधी विचारून ठेवा.

वीज आणि आपलं ऊन

समजा रोजच्या कामात नवा डेस्कटॉप सरासरी ३५ वॅट खातो आणि जुनं झिऑन मशीन ग्राफिक्स कार्डसकट ९५ वॅट. फरक ६० वॅट. २४ तास चालू ठेवलं तर वर्षाला ५२५ युनिट. व्यापारी दर ₹१० धरला तर सव्वापाच हजार रुपये. तीन वर्षांत पंधरा हजारांच्या वर. दिवसाला १० तास आणि वर्षाला ३०० दिवस चालवलं तर १८० युनिट, म्हणजे ₹१,८००. तुमच्या बिलावरचा दर टाकून स्वतः गणित करा.

आणि ही वीज जाते कुठे? सगळी उष्णता होते. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो. पत्र्याच्या केबिनमध्ये १२० वॅटचा प्रोसेसर म्हणजे शेजारी शेगडी. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे पैसे दिलेला वेग उन्हाळ्यात मिळतच नाही. त्यात यार्डातला भुस्सा आणि धूळ पंख्यात बसते. शिवाय नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. त्यावर किती भार टाकताय, लाइट गेल्यावर किती मिनिटं मिळतात, हे वॅटवरच ठरतं.

कोणी काय घ्यावं?

किराणा, मेडिकल, कापड दुकान, एक ते पाच काउंटर: आय-थ्री किंवा आय-फाइव्ह, एसएसडी, १६ जीबी रॅम. विषय संपला.

कर सल्लागार, अकाउंटंट: शेकडो पक्षकारांचा डेटा एका ठिकाणी. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी. १९ तारखेला मशीन बसलं तर नुकसान तुमचंच नाही, पक्षकारांचंही. इथे लहान टॉवर सर्व्हर घ्या: झिऑन ई किंवा एपिक ४००४, ईसीसी, दोन डिस्कचं मिररिंग आणि कंपनीची जागेवर येऊन दुरुस्तीची वॉरंटी. इथे मी स्वतः ग्राहकाला जास्त खर्च करायला सांगतो.

लातूरचे क्लासेस, व्हिडिओ लेक्चर एडिट करणारे: डेस्कटॉपच. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक असतं, व्हिडिओ बनवायचं काम ते झटक्यात करतं. ई५ झिऑनमध्ये ते नाहीच.

क्लासेसची ऑनलाइन टेस्ट: महिन्यातून दोनदा, दोन तास, हजार मुलं. यासाठी सर्व्हर विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. अॅमेझॉनची डेटा सेंटर मुंबईत २०१६ पासून आहेत, मायक्रोसॉफ्टची पुण्यात २०१५ पासून. लग्नाला मंडप भाड्याने आणतो, बांधून ठेवत नाही.

फोटो स्टुडिओ, फ्लेक्स, डीटीपी: वेगवान कोअरचा डेस्कटॉप, रॅम भरपूर.

पतसंस्था, हॉस्पिटल, बरीच मशीन एकात एक चालवणारी संस्था: पूर्ण सर्व्हर, पूर्ण बिल, पूर्ण वॉरंटी. इथे काटकसर करायची नाही.

निर्णयाआधी पाच प्रश्न

१. हिशेब नेमका कोणत्या मशीनच्या प्रोसेसरवर होतो?
२. टास्क मॅनेजरमध्ये अडतंय काय?
३. मशीन एक दिवस बंद राहिलं तर किती रुपयांचं नुकसान? हा आकडा कागदावर लिहा. सर्व्हरच्या जास्तीच्या खर्चाची तुलना या आकड्याशी करा, शेजाऱ्याच्या सर्व्हरशी नाही.
४. तीन वर्षांची वीज, लायसन्स आणि दुरुस्ती धरून एकूण किती?
५. बिघडलं तर कोण येणार, किती तासांत, आणि ते लिहून देणार का?

आणि प्रोसेसर कुठलाही घ्या, बॅकअपला पर्याय नाही. ईसीसी चुकलेला बिट दुरुस्त करते, चुकून डिलीट केलेली कंपनी परत आणत नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक दुकानाच्या बाहेर.

शेवटी माझ्यासारखं दुकान चालवणाऱ्यांसाठी दोन शब्द. सर्व्हरच्या कोटेशनमध्ये मार्जिन जास्त असतं, मला माहीत आहे. पण लातूर-नांदेडसारख्या गावात ग्राहक बाजारात रोज भेटतो. गरज नसलेलं मशीन एकदाच विकता येतं. एसएसडी आणि केबल बदलून काम करून दिलेला ग्राहक मात्र पुढची दहा वर्षं येतो, आणि पतसंस्थेचा सर्व्हर घ्यायची वेळ आली की तुमचंच नाव सांगतो.

तुमच्या टास्क मॅनेजरमध्ये काय अडकलेलं दिसलं ते कमेंटमध्ये लिहा. मशीनचं मॉडेल, किती युजर आणि कुठलं सॉफ्टवेअर एवढं सांगितलं तर उत्तर नेमकं देता येईल. पुढच्या व्हिडिओत ६०० व्हीए आणि १ केव्हीए यूपीएसचा हिशेब करू.